हलत हलत गुहागर

आमची गाडी थरथरते याबद्दल घरात कधीच दुमत नव्हतं. ती का थरथरते यावर मात्र माणशी एक मत होतं, आणि गाडी सात आसनी असल्यामुळे मतांना जागाही भरपूर होती. नानांच्या मते दोष रस्त्याचा. पाटबंधारे खात्यात हयात गेलेल्या माणसाला बांधकाम खात्याबद्दल जो आदर असतो, तो यात पुरेपूर उतरला होता. आत्याच्या मते नजर. हिच्या मते चाकांचं बॅलन्सिंग. चिरंजीवांच्या मते वय. आणि हे तो गाडीकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणतो.

गाडी सिग्नलला उभी असतानाच सगळ्यात जास्त हलते, हे मी एकदा नानांच्या नजरेस आणून दिलं.

"बघ म्हणजे," नाना म्हणाले, "उभ्या गाडीलासुद्धा सोडत नाही हा रस्ता."

तर अशा या गाडीतून आम्ही पुण्याहून गुहागरला निघालो. उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. चावी फिरवली की आधी गिअरचा दांडा शहारतो, मग आरसा, मग डॅशबोर्डावरचा गणपती. ग्लोव्ह बॉक्स आपण होऊन उघडतो. आरशात मागची एक मोटारसायकल दोन दिसते, त्यामुळे मी लेन फार विचार करून बदलतो.

चिवड्याचा डबा नाना पायाशी घेऊन बसले होते. सतत हलणाऱ्या डब्यात मोठे दाणे वर येतात आणि बारीक खाली जातात, हा निसर्गनियम आहे. साताऱ्यापर्यंत शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर, पोहे मध्ये आणि तीळ, मीठ, हळद तळाला अशी चोख वर्गवारी झाली होती. डबा मागच्या सीटवर पोचला तेव्हा चिरंजीवांच्या वाट्याला पिवळं मीठ आलं. आत्या मात्र डाव्या बाजूच्या मधल्या सीटवर डोळे मिटून बसली होती. या सीटवर बसायला लागल्यापासून तिची कंबर दुखायची थांबली आहे. फिजिओथेरपीच्या मशीनला ती नावं ठेवते, गाडीला कधीच नाही.

हायवेला वेग धरला की गाडी एकदम शहाण्यासारखी चालते. हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट. गाडी उभी असताना मिनिटाला आठशे फेऱ्या धरल्या तर सोळाशे धक्के, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. त्यातून डिझेल, ठिणगी नाही, हवा दाबून दाबून इतकी तापवायची की तेल आपोआप पेटावं. असे दणके या संथ तालात बसले की अख्खा सांगाडा त्यात सामील होतो. फेऱ्या वाढल्या की धक्के इतके भराभर येतात की पत्र्याला तेवढ्यात हलायला सवड मिळत नाही. पण खंबाटकीच्या चढावर ट्रकांमागे खोळंबलो आणि गणपती पुन्हा डोलू लागला.

कोयनानगरला चहाला थांबलो. बंद केलेली गाडी पुन्हा चालू होईलच अशी त्या दिवशी खात्री नव्हती, म्हणून इंजिन चालू ठेवलं. टपरीचं बाकडं आमच्या बंपरला टेकलं होतं आणि बाकड्यावर एक आजोबा बसले होते. कोयनेचा माणूस हादऱ्यांतला जाणकार. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे जो भूकंप झाला, त्यानंतर लहानमोठे धक्के चालूच आहेत. आजोबांच्या बशीतल्या चहावर बारीक वलयं उठली. त्यांनी बशी खाली ठेवली, बाकड्यावर तळवा टेकवला, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "न्हाय, ह्यो आमचा न्हाय. आमचा एवढा वेळ चालत न्हाय."

कुंभार्ली घाटात ब्रेक दाबला की बॉनेटखालून 'खर्रर्र' असा नवा आवाज येऊ लागला. आत्याने स्तोत्र सुरू केलं. चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ एक गॅरेज दिसलं. मेकॅनिक विशीतला पोरगा. आमची चारही मतं त्याने हात पुसत ऐकून घेतली आणि म्हणाला, "काका, फाउंडेशन गेलाय."

मग त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. मला आत बसवून ब्रेक घट्ट दाबायला सांगितला, पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडायला लावला, मग रिव्हर्स. बॉनेट उघडं होतं. प्रत्येक वेळी इंजिन एका कुशीवर चांगलं तीन बोटं उचललं जाई आणि धप्पकन खाली बसे. आत्याने हात जोडले. ब्रेक लावला की हेच सुटलेलं इंजिन पुढे सरके आणि पंख्याचं पातं प्लॅस्टिकच्या कवचाला घासे. घाटातलं संगीत ते.

इंजिनाच्या दोन कुशींना एकेक आणि मागे गिअरबॉक्सखाली तिसरं, अशा रबरी गाद्यांवर, म्हणजेच फाउंडेशनवर, ते सगळं धूड बसलेलं असतं. १९३१ साली क्रायस्लरने प्लायमाउथ गाडीचं इंजिन असं रबरावर तोलून बसवलं आणि त्याचा केवढा गाजावाजा केला. फ्रान्सच्या सित्रोएनने त्याचे हक्क घेतले आणि इंजिन कसं तरंगतं हे सांगायला गाडीवर चक्क हंसाचं चिन्ह लावलं. आमच्या गाडीवर पिठाची गिरणी शोभली असती.

पोराने चेंबरखाली लाकडाचा ठोकळा ठेवून मग जॅक लावला. नुसता जॅक लावला तर चेंबर फुटतो म्हणाला. इंजिन जरासं उचललं, सतरा नंबरच्या पान्याने बोल्ट काढले आणि मुठीएवढा एक काळा गोळा बाहेर आला. रबर एकीकडे, लोखंडी पट्टी दुसरीकडे. वर टॅपेट कव्हरमधून तेल झिरपत होतं. ते वर्षानुवर्षं नेमकं यावर पडून रबर फुगलं, मऊ झालं आणि सुटलं. लोखंडावर लोखंड टेकल्यावर इंजिनाचा प्रत्येक ठोका थेट आमच्या दातांपर्यंत.

तो गोळा हातोहात फिरला. "खड्ड्यांनी गेलं," नाना म्हणाले. "तेल नेमकं त्यावरच कसं पडलं?" आत्याने विचारलं. "बॅलन्सच गेला होता ना शेवटी, चाकांचा नाही तर इंजिनाचा," ही म्हणाली. चिरंजीव काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले.

नवं फाउंडेशन बसलं. इंजिन चालू केलं तर आरशात मोटारसायकल एकच, आणि ग्लोव्ह बॉक्स मिटलेला. पोराने दुसऱ्या बाजूला टॉमी घालून पाहिलं आणि मान हलवली.

"डाव्या बाजूचापण अर्धा सुटलाय, काका. जोडीनंच बदलायला हवा. सांगा, मागवून ठेवतो, जाताना बसवून देईन."

मी हो म्हणणार तेवढ्यात आत्या लगबगीने पुढे झाली.

"नको रे बाळा, ते राहू दे. त्या बाजूला मी बसते."