झेंडा पाहून येणारा ताप

आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड 2757 मीटर उंचीवर आहे. इटलीतल्या प्राडकडून चढताना 48 तीव्र वळणं लागतात, आणि माथ्यावरून बोर्मिओच्या बाजूला थोडं उतरलं की उंब्राइल खिंडीचा फाटा तुम्हाला सरळ स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडतो. मोटारसायकल-सहली काढणाऱ्यांसाठी हा मुलूख म्हणजे कुबेराचं अंगण. नाश्ता ऑस्ट्रियात, दुपारचं जेवण इटलीत, मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये. ग्राहकाला वाटतं, आपण घाटांचे पैसे मोजतो. विकले जातात ते पासपोर्ट न काढता ओलांडलेले देश. सीमा ओलांडणं हाच ज्याचा माल, अशा या व्यापाऱ्याने 2020 आणि 2021 या दोन सालांत दुकान उघडं ठेवायचा घाट घातला. त्याची फजिती पाहून हसू येणं साहजिक आहे. पण सरकारांनी कोविडच्या साथीच्या काळात रोग मोजला की झेंडे मोजले, याचा त्याच्याइतका चोख साक्षीदार दुसरा मिळायचा नाही.

मार्च 2020 मध्ये शेंगेन करारातल्या देशांनी एकामागून एक दारं लावून घेतली. साथ नवी होती, घबराट खरी होती. तेवढ्यावरून कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण कुंपण कुठे घालायचं ते विषाणू नव्हे, नकाशा ठरवतो आहे, हे तेव्हाच दिसत होतं. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवरच्या बार्ले गावात एका कपड्यांच्या दुकानातून सीमारेषा जाते. बेल्जियमचा हुकूम दुकानं बंद ठेवण्याचा, नेदरलँड्सची परवानगी चालू ठेवण्याची. म्हणून मधोमध पट्टी ताणून अर्धं दुकान बंद केलं आणि उरलेल्या अर्ध्यात विक्री चालू राहिली. जर्मनीतलं कॉन्स्टान्स आणि स्वित्झर्लंडमधलं क्रॉइट्सलिंगेन ही एकमेकांना चिकटलेली शहरं. तिथे जाळीचं कुंपण आलं. प्रेमी जीव जाळीतून हात धरू लागले, तेव्हा थोडं अंतर सोडून दुसरं कुंपण आलं. त्याच सुमारास युरोपीय आयोगाने मालवाहू ट्रकचा सीमेवरचा खोळंबा 15 मिनिटांच्या वर जाऊ नये असं ठरवलं, आणि जर्मनीतले शतावरीचे कोंब शेतातच राहू नयेत म्हणून रोमानियाहून मजुरांना खास विमानांनी आणलं गेलं. टोमॅटोला रस्ता, शतावरीला विमान, माणसाला जाळी. सहल-आयोजकांनी ग्राहकांची नोंद ‘नाशवंत माल’ अशी केली असती, तर हंगाम कदाचित वाचला असता.

15 जून 2020 च्या सुमारास बऱ्याच सीमा उघडल्या आणि गाड्यांवरची धूळ झटकली गेली. अशा सहलीत पुढे वाट दाखवणारा म्होरक्या, मागे सामानाची व्हॅन आणि मधे दहा-बारा स्वार असतात. हॉटेलं कित्येक महिने आधी राखलेली असतात. धंदा चालतो वर्षाच्या कॅलेंडरवर, सरकार चालतं शनिवार संध्याकाळवर. 25 जुलै 2020 च्या शनिवारी ब्रिटनने जाहीर केलं की मध्यरात्रीपासून स्पेनहून येणाऱ्या प्रत्येकाने 14 दिवस स्वतःला कोंडून घ्यायचं. उत्तर स्पेनच्या डोंगरांत फिरलेले ब्रिटिश स्वार सांतांदेरहून बोटीने परततात आणि त्या प्रवासाला साधारण एक दिवस लागतो. त्या शनिवारी दुपारी जो बोटीत बसला, तो निरोगी प्रवासी म्हणून चढला आणि रविवारी संशयित म्हणून उतरला. मधल्या काळात त्याने बिस्केच्या उपसागरावर फक्त झोप काढली. ब्रिटनचे वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स स्वतः तेव्हा सुटीसाठी स्पेनमध्येच होते. खुद्द प्रवास-खात्याच्या मंत्र्याचीच सहल जिथे फसते, तिथे आठ गाड्या आणि एक व्हॅन बाळगणाऱ्याने भविष्य ओळखायचं ते कुठल्या पंचांगावरून?

2021 मध्ये ब्रिटनने जोखमीनुसार देशांच्या हिरवी, पिवळी आणि लाल अशा याद्या केल्या. पोर्तुगाल 17 मे रोजी हिरव्या यादीत होतं, 8 जूनला ते पिवळं झालं. 16 जुलैला तर पिवळ्याच्याही पुढची छटा निघाली: इतर पिवळ्या देशांतून येणाऱ्या लसवंतांना विलगीकरण माफ, फ्रान्सहून येणाऱ्यांना मात्र नाही. कारण दिलं गेलं विषाणूच्या बीटा प्रकाराचं, आणि त्याचे बरेचसे रुग्ण होते रियुनियन बेटावर. हे बेट कायद्याने फ्रान्सचं आहे, भूगोलाने मॉरिशसच्या शेजारचं. त्याला फ्रान्समधल्या कॅलेपेक्षा आपली मुंबई जवळ. म्हणजे हिंदी महासागरात कुणाला ताप आला की आल्प्सच्या घाटातल्या स्वाराने दहा दिवस घरात बसायचं. 8 ऑगस्टला ही छटा पुसली गेली, पण तोवर ऐन हंगामाचे तीन आठवडे गेले होते. लोखंडी घोडे तबेल्यात आणि कागदी घोडे रस्त्यावर, अशी ती अवस्था होती.

कागदांत आपलं पुणंही आहे. पुण्यात बनलेली कोव्हिशील्ड आणि युरोपात बनलेली अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस यांचं सूत्र एकच. पण युरोपच्या औषध-नियामकाची मान्यता युरोपातल्या बाटलीला होती, पुण्याच्या बाटलीला नव्हती. 1 जुलै 2021 पासून युरोपीय संघाचं कोविड प्रमाणपत्र चालू झालं, तेव्हा कोव्हिशील्ड काही देशांनी स्वीकारली आणि काहींनी नाही. त्यामुळे एकच दंड एका चौकीवर लसवंत आणि पुढच्या चौकीवर कोरा ठरण्याची सोय झाली. पुण्याची लस ब्रिटनमध्ये टोचून घेतलेल्या काही ब्रिटिशांना त्याच जुलैत माल्टाच्या विमानात चढू दिलं नाही. पुढे सप्टेंबरमध्ये ब्रिटननेच कोव्हिशील्ड मान्य केली, पण भारताचं प्रमाणपत्र अमान्य ठेवलं. भारताने 4 ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर तसंच विलगीकरण लादलं, आणि 11 ऑक्टोबरला ब्रिटनच्या शंका फिटल्या. त्या एका आठवड्यात लस बदलली नव्हती.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप इशग्लचा. टिरोलमधलं हे गाव सिल्व्हरेटाच्या घाटरस्त्यावर जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांना तोंडपाठ आहे. आइसलँडने 5 मार्च 2020 रोजीच या गावाला धोक्याच्या यादीत टाकलं. तरी स्कीचा हंगाम गुंडाळायला स्थानिकांनी दिवस लावले, खोरं 13 मार्चला बंद झालं, आणि तोवर संसर्ग पर्यटकांबरोबर युरोपभर पोचला होता. तेव्हा पर्यटनवाल्यांच्या भरवशावर साथ सोडावी असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. पण इशग्लमध्ये रोग पसरवला तो खचाखच भरलेल्या बंदिस्त बारांनी. मोटारसायकलवर एकटा, हेल्मेटात बंद, उघड्या हवेत बसलेला माणूस दिवसभर जवळजवळ विलगीकरणातच असतो. धोका संध्याकाळी लांबलचक टेबलाभोवती सगळे जमतात तेव्हा सुरू होतो. नियम त्या टेबलाला हवा होता. तो घातला गेला खिंडीला. कुणी म्हणेल, घाटात पडलेला स्वार अतिदक्षता विभागातली खाट अडवतो. अगदी खरं, पण जर्मन माणूस जर्मनीतल्याच घाटात पडला तरी खाट एकच लागते, आणि हाड मोडताना झेंडा पाहत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे श्रीमंतांचे चोचले. माणसं मरत असताना यांच्या सहलींची कसली पत्रास? मान्य. सहल बुडाली म्हणून कुणी सुतक पाळू नये. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. याच याद्या आणि हेच रातोरात निघणारे आदेश सीमेपलीकडे कामाला जाणाऱ्या नर्सला लागू होते, आईला भेटायला निघालेल्या मुलाला लागू होते. आयोजकाकडे सहा देशांची संकेतस्थळं रोज सकाळी वाचायला माणूस होता, चाचणीचे 72 तास आणि 48 तास मोजायला तक्ता होता. त्या नर्सकडे ते काहीच नव्हतं. निर्बंधाच्या जाळीतून निरोगी माणूस सुटला असं नाही. वाचायला सवड आणि बदलायला पैसे असलेला माणूस सुटला.

निर्बंध नकोत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. जोखीम पाहून केलेले, शेजाऱ्याशी बोलून ठरवलेले आणि मुदत देऊन लागू केलेले निर्बंध कितीही कडक असले तरी चालतील. राहता राहिला हिशेब. युरोपच्या 2015 च्या निर्देशानुसार अपरिहार्य कारणाने सहल रद्द झाली तर आयोजकाने 14 दिवसांत पैसे परत करायचे असतात. कित्येक सरकारांनी मधेच रोकड अडवून कूपनं वाटायची मुभा दिली, आणि 2 जुलै 2020 रोजी युरोपीय आयोगाला दहा देशांवर कारवाई सुरू करावी लागली. म्हणजे नियम बदलणारा सरकारी, नुकसान सोसणारा खासगी, आणि ग्राहकाच्या हातात कूपन. पुढच्या साथीत मध्यरात्री नियम बदलायचा अधिकार सरकारांनी जरूर राखून ठेवावा; फक्त त्याचं बिल कुठे पाठवायचं, तो पत्ताही त्याच आदेशात छापावा.