म्हशीचा पारखी, मिक्सरचं गिऱ्हाईक

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता जिथून फुटतो, ते नेवासा तालुक्यातलं घोडेगाव. कांद्याचे लिलाव आणि शुक्रवारचा जनावरांचा बाजार या दोन गोष्टींनी गावाचं नाव लांबवर नेलं आहे. या बाजारात म्हैस घ्यायला उतरलेला माणूस म्हशीपेक्षा जास्त पाहण्यासारखा असतो. तो तिच्याभोवती तीन फेरे घालतो, ओठ उचलून दात बघतो, चारही सड दाबतो, मागे उभा राहून मुद्दाम खाकरतो आणि ती बुजते का ते पाहतो. कितवं वेत, एका वेळेला दूध किती, लाथ मारते का, आंबोण पुढे ठेवल्याशिवाय पान्हा सोडते का, बाईमाणसाला धार काढू देते का, हे सगळं तो विचारतो आणि कोणत्याही उत्तरावर विश्वास न ठेवता स्वतः धार काढून बघतो. कास फार तटतटलेली दिसली तर त्याला आनंद होत नाही, संशय येतो. सकाळची धार न काढता तुंबवून तर आणली नाही ना? एवढं झाल्यावर भावाची बोलणी होतात, आणि ती होऊनही तो 'बघू' म्हणून पुढच्या दावणीकडे सरकतो. संशयाचं इतकं पक्कं शिक्षण देणारी शाळा महाराष्ट्रात दुसरी नसावी.

हाच माणूस दिवाळीच्या सुमाराला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरतो आणि खोक्यावरचं चित्र बघून एअर फ्रायर घेऊन येतो. चित्रात कोंबडीची तंगडी सोन्यासारखी चमकत असते आणि शेजारी एक बाई हसत असते. बाई हसते आहे त्याअर्थी वस्तू चांगली. तुंबवलेली कास दहा पावलांवरून ओळखणाऱ्याला तुंबवलेलं चित्र हातभर अंतरावरून ओळखता येत नाही. तो तीनच प्रश्न विचारतो: किती वॅटचा, वॉरंटी किती, आणि ह्याच्यावर फ्री काय. म्हशीखाली पारडू येतं, पण त्याला फ्री समजण्याइतका भोळा माणूस शुक्रवारच्या बाजारात उभा राहू शकत नाही. स्वयंपाकघरातल्या आधुनिक फजित्यांचं मूळ अडाणीपणात आहे असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. ज्याला अडाणी म्हणता येणार नाही असा हा कसलेला पारखी उंबरठा ओलांडताना आपली पारख चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो, आणि फजिती तिथे सुरू होते.

यावर कुणी म्हणेल, म्हैस लाखाच्या घरात जाते आणि मिक्सर तीन-चार हजारांचा. चौकशी किमतीच्या मानानेच होणार. हिशेब दिसायला सरळ आहे. पण हाच माणूस नारळ कानाशी धरून हलवतो, कलिंगडाला टिचकी मारतो, मेथीची जुडी सोडून आत गवत किती ते बघतो. दहा रुपयांच्या जुडीच्या वाट्याला येणारा संशय चार हजारांच्या यंत्राच्या वाट्याला येत नसेल, तर प्रश्न किमतीचा नव्हे. जे मातीतून किंवा गोठ्यातून आलं त्यात खोड असणार हे त्याला मान्य असतं. जे थर्माकोलमधून आलं ते त्याच्या लेखी धुतल्या तांदळासारखं. खोड जनावराला, मशीनला फक्त बटणं.

मिक्सरचंच घ्या. दुकानात तो लावून दाखवतात, पण रिकामा. रिकामा मिक्सर फिरवून दाखवणं म्हणजे भाकड म्हैस चालवून दाखवणं. घरी आल्यावर त्याच्या भांड्यात पडतं ते कांदा-खोबऱ्याचं वाटण, तव्यावरून थेट, कारण पाहुणे पाटावर बसलेले असतात आणि मशीनला काय गरम अन् काय गार! त्या वाटणाची वाफ पात्यांनी एकदम घुसळली जाते, झाकणाखाली कोंडते, आणि बटण फिरवल्याबरोबर झाकण छताकडे निघतं. पाठोपाठ वाटण. काळ्या मसाल्याच्या रश्श्याचा डाग भिंतीवरून सहजी जात नाही, त्यामुळे त्या जेवणाची आठवण पुढच्या रंगकामापर्यंत टिकते. वाटण फार घट्ट असेल तर दुसरी तऱ्हा: मोटर कण्हते, थोडा वास सोडते आणि गप्प होते. मग मिक्सर पिशवीत बसून दुरुस्तीवाल्याकडे जातो. तो त्याला आडवा पाडतो, बुडाखालचं छोटं बटण दाबतो आणि मिक्सर सुरू होतो. भार जास्त झाला की मोटर जळू नये म्हणून वीज तोडणारी ती कळ असते, बहुधा लाल रंगाची. म्हशीच्या पोटाखाली वाकून सड मोजणारा माणूस मिक्सरच्या पोटाखाली कधी वाकलेला नसतो.

असं वाकून बघणारा एक माणूस होऊन गेला आणि त्याच्यामुळे देशभरातले पाटे-वरवंटे अंगणात गेले. सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडच्या जर्मन बनावटीच्या ब्राउन मिक्सरने भारतीय वाटणापुढे मान टाकली. युरोपातलं यंत्र मऊ पदार्थ घुसळायला केलेलं. भिजलेली डाळ आणि सुकं खोबरं त्याच्या वंशात कुणी पाहिलेलं नव्हतं. माथुरांनी आपल्या स्वयंपाकाला पुरून उरेल अशी मोटर तयार करायला घेतली आणि १९६३ साली 'सुमीत' मिक्सरची कंपनी उभी राहिली. म्हणजे यंत्राला जनावराचे प्रश्न विचारता येतात. कितवं वेत हा नसेल, पण काय खातो, किती खातो आणि कशाने बसतो, हे विचारायला इंजिनिअरच लागतो असंही नाही.

कुकरची तर जन्मकथाच खोडीपासून सुरू होते. द्नी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडून हाडं शिजवणारं भांडं मांडलं. कोंडलेली वाफ एक दिवस भांडंच फोडील हे ओळखून त्याने वजनाने दाबलेली झडपही त्याला जोडली. १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांना त्या भांड्यात शिजवलेलं जेवणही मिळालं. आपल्याकडे झडपेला शिट्टी म्हणतात आणि ती स्वयंपाकाचं घड्याळ मानली जाते. डाळीला चार, बटाट्याला तीन, मटणाला देवाची इच्छा असेल तितक्या. कुकर बनवणारे मात्र पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून मिनिटं मोजायला सांगतात. आमचा पारखी ओसरीवर बसून शिट्ट्या मोजतो. रबर सैल पडल्यामुळे वाफ बाजूनेच निसटत असते, शिट्टी होत नाही, तो दुसरीची वाट बघत राहतो आणि आत पाणी आटून डाळीचा कोळसा होतो. उलट बाजूने, अर्ध्यापर्यंतच भरायची डाळ गळ्यापर्यंत भरली की फेस नळीत अडकतो. मग काम उरतं ते सुरक्षा झडपेचं, आणि ती मागच्याच महिन्यात स्वस्तात मिळाली म्हणून भलत्याच बनावटीची बसवलेली असते. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे. पण म्हशीच्या कानातला बिल्ला वाचणारे डोळे कुकरवरचा आयएसआयचा शिक्का शोधत नाहीत. आतून लागणाऱ्या झाकणाला निदान वाफच धरून ठेवते, दाब असेपर्यंत ते निघत नाही. बाहेरून बसणारं झाकण उलथन्याची पहार करून उघडणारे वीर असतात. घोडेगावजवळच्या शिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची परंपरा आहे, ही श्रद्धेची गोष्ट झाली. कुकरच्या झाकणाला ती लागू होत नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. जुनी साधनं काय गरीब गाय होती? चुलीच्या धुराने डोळे गेले, पंप मारायच्या स्टोव्हच्या भडक्यांनी घरं उद्ध्वस्त झाली, त्यापुढे छतावरचं वाटण म्हणजे गंमत. आक्षेप खरा आहे आणि चुलीचे गोडवे गायचा माझा मुळीच विचार नाही. ते गाणाऱ्यांना आधी महिनाभर फुंकणी द्यावी. फरक एवढाच की चूल आपली खोड लपवत नव्हती. ती धुरायची, तडतडायची, लाल व्हायची. नाक, कान, डोळे यांना आगाऊ वर्दी मिळायची. नवी यंत्रं खानदानी असतात, तोंडावर काही दाखवत नाहीत. बाजरीची भाकरी सणसणीत तापलेल्या तव्यावरच टाकायची, हे हाताला पिढ्यांपासून ठाऊक आहे. तोच हात नॉन-स्टिक तवा मोठ्या आचेवर कोरडा तापवतो. त्यावरचा लेप १९३८ साली रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला फ्रिजसाठी लागणाऱ्या वायूंवर काम करताना अचानक सापडला. साधारण २६० अंश सेल्सिअसपुढे तो बिघडायला लागतो आणि रिकामा तवा काही मिनिटांत तिथे पोहोचतो. त्यातून निघणारी वाफ माणसाला फारशी जाणवत नाही, पण पिंजऱ्यातल्या पोपटाचा जीव घेऊ शकते. पुढे तोच तवा तारेच्या घासणीने चकचकीत केला जातो आणि दोन महिन्यांत नॉन-स्टिकचा नुसता स्टिक उरतो. इंडक्शनवर आणखी मजा. ज्वाळा नसल्यामुळे भाकरी फुगवायची कुठे, हा प्रश्न खोकं घरी आल्यावर सुचतो. वर ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं की शेगडी नुसती टिवटिवते, कारण तिला लोहचुंबक चिकटेल असं बूड लागतं. खिशात एक लोहचुंबक घेऊन भांड्यांच्या दुकानात जायचं, एवढीच ती परीक्षा. दात बघण्यापेक्षा सोपी आणि चावण्याची भीती नाही. म्हशीच्या सवयीने घोडीखाली चरवी घेऊन कुणी बसत नाही. घोडेगावात राहून तरी एवढं कळायला हरकत नव्हती.

मायक्रोवेव्ह या बाबतीत सगळ्यांत बिलंदर. रडारच्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातला चॉकलेटचा तुकडा वितळला आणि १९४५ मध्ये या कल्पनेने जन्म घेतला, असं सांगतात. पुढच्या प्रयोगांत अंड्याचा स्फोट होऊन ते एका सहकाऱ्याच्या तोंडावर उडालं, असंही सांगतात. म्हणजे अंड्याची खोड पहिल्यापासून जगजाहीर होती. तरीही कवचासकट अंडं आत जातं. आत असताना ते बऱ्याचदा सज्जनासारखं वागतं आणि बाहेर काढून चमचा लावला की फुटतं. स्टीलच्या ताटलीच्या आणि कडेला सोनेरी रेघ असलेल्या आहेरातल्या कपबशीच्या ठिणग्यांबद्दल लिहीत नाही, तो प्रयोग घरोघरी झालेला आहे. एअर फ्रायर हा २०१० च्या आसपास बाजारात आलेला, पंखा बसवलेला छोटा ओव्हन. 'ह्यात तेल लागतच नाही' असं जाहीर करून पारखी त्यात कांदाभजी सोडायला लावतो. सैल पीठ जाळीतून खाली ओघळतं, कांदा वर बोडका राहतो. मग पापड. पंख्याच्या झोताने तो आतल्या आत उडतो आणि तापलेल्या तारेला जाऊन चिकटतो; घरभर संक्रांत आणि होळी एकदमच.

शेवटी राहतो तो नेहमीचा आरोप, की ओट्याशी उभी असते ती बाई, मग चूक तिची. पण जिचे दात बघायला तिला नेलंच नव्हतं, ती म्हैस थेट तिच्या गोठ्यात आणून बांधली आहे. गंमत म्हणजे खरी पारख त्यानंतर तीच करते. पहिल्या दिवशी नुसतं पाणी तापवते, दुसऱ्या दिवशी एक बटाटा, मग वाटीभर शेंगदाणे, आणि पंधरा दिवसांत यंत्राची लाथ कुठून येते ते तिला पाठ होतं. मग ती निकाल देते. सपाट बुडाचं एक पातेलं शोधून इंडक्शनला दुधाची आणि सिलिंडर संपल्यावरच्या चहाची चाकरी दिली जाते. एअर फ्रायर शेंगदाणे भाजतो, आणि तेल पिणाऱ्या भज्यांची कढई आपल्या जागी परत येते. मायक्रोवेव्हचं दार घट्ट लागतं, मुंग्या शिरत नाहीत, म्हणून त्यात खारी आणि टोस्ट राहतात. याला वस्तूचा गैरवापर म्हणायची पद्धत आहे. पण आटलेल्या म्हशीला कुणी वर्षभर पेंड घालत नाही, आणि हे पारख्याला कुणी सांगायला नको. तो मात्र नऊ हजारांच्या वस्तूतून खारी काढताना दुखावला जातो, पाहुण्यांना ती 'मशीन' म्हणूनच दाखवतो आणि दिवा लागतो हे दार उघडून सिद्ध करतो. खोकं थर्माकोलसकट माळ्यावर असतं, कारण वॉरंटीचे चार महिने अजून शिल्लक आहेत. त्याच खोक्यात, प्लॅस्टिकच्या न फोडलेल्या पिशवीत, वापराची पुस्तिका असते, आणि त्या पिशवीवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं असतं: 'महत्त्वाचे कागद, हात लावू नये.'