सरपोतदारांचे सत्तर रुपये कोणत्या बुद्धीत बसतात?

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले की या जरा भिंतीपाशी. आमच्या भाचीचा प्रताप ऐका. बी.एड. करतेय ना ती वाशीला, तर कॉलेजात काम दिलंय: सिनेमातलं एक पात्र घ्या आणि हॉवर्ड गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्तेवर तपासा. सगळ्या वर्गाने 'तारे जमीन पर'मधला ईशान उचलला. ही बया धनंजय माने घेऊन आली!

हसा, मीही हसले. पण मग बसलो दोघी रात्री पुन्हा 'अशी ही बनवाबनवी' लावून. गार्डनर 1983 साली म्हणाला, बुद्धी एकच नसते. भाषेची वेगळी, गणिताची वेगळी, गाण्याची, चित्राची, हातापायांची, माणसं ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. निसर्गाची आठवी मागाहून आली. आपला सिनेमा 1988चा.

आता सरपोतदारांसमोरचा धनंजय आठवा. घरमालकांनी डायबेटिसच्या औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचा विषय निघाला की हा चेहरा पाडतो आणि औषध आणणारा मित्रच गेल्याची बातमी पुढे करतो. मेलेल्या माणसापुढे घरमालक तरी किती ताणणार, हे त्याला पक्कं ठाऊक! भाचीने तिथे 'भाषिक बुद्धी' लिहिलं होतं. मी म्हटलं, खोड ते. शब्द काय, पोपटही बोलतो. समोरचा कुठे मऊ आहे ते याला दिसतं, ही माणसं ओळखण्याची बुद्धी. नवी घरमालकीण लीलाबाई जोडप्यांनाच जागा देणार म्हटल्यावर मित्रांना लुगडी नेसवणारं डोकं तेच. (आपणही फार हसू नये हं. आपल्या सिडकोच्या गल्लीत बॅचलर पोरांना अजून कोण सुखासुखी खोली देतं?) पण स्वतःला ओळखण्यात बाबा कच्चाच. बायको असल्याच्या त्या थापेपायी आवडत्या माधुरीशी जमवताना त्याची कशी त्रेधा उडते!

त्याच्या मित्रांपैकी सुधीर गाण्यातला, ते सोपं. माझा जीव परशुरामवर. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन डोहाळजेवणाला बसतो तेव्हा बघा, कंबर, मान, पदर, सगळं अंग खोटं बोलतंय. ही हातापायांची बुद्धी. शाळेत या पोराला कुणी हुशार म्हटलं असतं का हो?

मात्र भाचीला हेही लिहायला लावलं, की गार्डनरवर बरेच मानसशास्त्रज्ञ नाराज आहेत. या बुद्धी खरंच एकमेकींपासून सुट्या आहेत, याला पुरेसा पुरावा नाही म्हणतात. आपण ज्याला अंगातली कला म्हणतो, त्यालाच गार्डनरने बुद्धी म्हटलंय, असाही आक्षेप आहे. मला विचाराल तर माणसाकडे बघायला चांगला चष्मा आहे, मोजपट्टी नव्हे.

आणि परवा तुमच्या दाराशी कुणी पत्रक टाकून गेलं ना, बोटांचे ठसे घेऊन मुलाची कोणती बुद्धी जन्मजात आहे ते सांगतो म्हणून? त्यात गार्डनरचंच नाव वापरतात. ठशांवरून बुद्धी कळते याला शास्त्रीय आधार नाही. धनंजय माने परवडला, त्याने सत्तरच बुडवले. हे हजारोंनी घेतात. तुमच्या बंटीला मुळीच नेऊ नका तिकडे.