मनगटाचा तक्रार-अर्ज

कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नावाचा जो ज्ञानकोशतुल्य ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या शंभर अध्यायांत राज्यकारभारापासून पाकशास्त्रापर्यंत राजास अवगत असावी अशी बहुतेक प्रत्येक गोष्ट आली आहे, आणि त्यांतच ‘मत्स्यविनोद’ या नावाने गळाने मासे धरण्याच्या कलेचेही निरूपण आहे. मासे कोणत्या जातींचे, नदीत कोणते राहतात व सागरात कोणते, कोणास कोणता आहार रुचतो, हे इतक्या आस्थेने सांगणाऱ्या या राजाने मासे धरणाऱ्याच्या मनगटासाठी मात्र एकही अध्याय राखून ठेवलेला नाही. कारण उघड आहे. राजाच्या पदरी हुजरे असतात, आणि दुखायचेच झाले तर मनगटे त्यांची दुखतात. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन कासार आंबोलीस स्थायिक झालेल्या मजसारख्या गृहस्थास ही सोय उपलब्ध नाही.

कासार आंबोली हे गाव पुण्याहून पौडास जाणाऱ्या रस्त्यावर पिरंगुट मागे टाकल्यावर लागते, हे येथेच नमूद करणे इष्ट. कारण माझे वऱ्हाडातील आप्त अद्यापि मला सावंतवाडीकडच्या घाटातील आंबोलीचा रहिवासी समजून तेथील धबधब्याचे कुशल विचारतात. आमच्याकडे धबधबा नाही. आंबेमोहोराची खाचरे आहेत, त्यांच्या बांधापर्यंत येऊन ठेपलेले कारखाने आहेत, आणि उत्तरेस थोडी पायपीट करण्याची तयारी असेल तर मुळा नदी आहे. ही नदी आमच्यापर्यंत येते ती पुष्कळशी रिती होऊनच. मुळशीस धरण बांधून टाटांनी तिचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजगृहाकडे उतरविले. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी जमिनी बुडाल्या त्या बुडाल्याच. पुढे त्याच टाटांनी लोणावळ्याजवळ वळवण येथे महाशीर माशाची पैदास करून त्या खानदानी जातीस हात दिला, म्हणजे माशांच्या खाती काही रक्कम जमा झाली. माणसांच्या खात्यावरील बाकी मात्र तशीच पुढे ओढली जात आहे. असो. महाशीर माझ्या वाट्यास येत नाही. मला कधी मरळ, क्वचित शिवडा, आणि बहुतकरून चिलापी मिळते, जी मूळची आफ्रिकेची असून १९५२ साली या देशात आणली गेली आणि आता येथील वतनदार माशांनाच कुळे समजू लागली आहे.

माझे मनगट बिघडण्यास माझा भाचा कारण झाला. त्याने मुंबईहून कार्बनच्या धाग्यांची एक काठी आणि दोर गुंडाळण्याचे एक चक्र अशी भेट पाठविली. स्थिर फिरकीचे हे चक्र १९०५ साली इलिंगवर्थ नामक एका इंग्रज गिरणीवाल्याने पेटंट केले. गिरणीतील सुताच्या बाबिणीवरून त्यास ही कल्पना सुचली म्हणतात. गिरणीतून निघालेल्या वस्तूस गिरणीचाच गुण असणार. कळकाची साधी काठी असताना मी गळ एकदा टाकीत असे आणि मग मासा येईपर्यंत पेन्शनीचे, पावसाचे आणि परलोकाचे विचार करीत बसत असे. चक्र हाती आल्यापासून टाकणे, गुंडाळणे, पुन्हा टाकणे असा पाळीचा कारभार सुरू झाला, आणि प्रत्येक फेकीस मनगटाचा झटका व अंगठ्याचा दाब लागू लागला.

मनगटाने प्रथम तोंडी तक्रार केली. ती दप्तरी दाखल झाली नाही. मग चहाची किटली उचलताना, दाराची कडी सरकविताना, लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरविताना स्मरणपत्रे येऊ लागली. तीही ‘पाहिले, फाईल’ असा शेरा मारून मी बाजूस ठेविली. अखेरीस एके सकाळी सदऱ्याची गुंडी लावीत असता अंगठ्याने कामच बंद केले आणि रीतसर जप्तीचा हुकूम बजावला. कारकुनी जगतात विलंबाने प्रकरणे निवळतात, असा माझा हयातभराचा अनुभव आहे; शरीरसंस्थेचा कारभार त्या नियमावर चालत नाही, हे निवृत्तीनंतर कळावे यास दैवयोग म्हणावयाचे.

डॉक्टरांकडे सौभाग्यवतीही आल्या. डॉक्टरांनी मला अंगठा मुठीत धरून ती मूठ करंगळीच्या दिशेने झुकविण्यास फर्माविले. ही परीक्षा फिंकलस्टाइन नामक शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जात असून तिचे शास्त्र एवढेच, की रोग असल्यास रुग्ण ओरडतो. मी बाहेरच्या बाकावरील मंडळी उठून उभी राहतील इतका ओरडलो. रोग निश्चित झाला. अंगठ्यास हलविणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेने एका अरुंद बोगद्यातून जातात. त्याचे अस्तर जाड झाले, की वरंध्याच्या घाटात दोन मालमोटारी समोरासमोर याव्यात तशी त्यांची अवस्था होते. स्वित्झर्लंडच्या द केर्वेन यांनी १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले. यानंतर डॉक्टरांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, “घरात तान्हं बाळ आहे का?”

साठी उलटून गेलेल्या गृहस्थास, धर्मपत्नीच्या समक्ष, हा प्रश्न! खुलासा असा झाला, की बाळास वारंवार उचलणाऱ्या नवप्रसूत मातांना हा विकार विशेषेकरून जडतो. “तान्हं नाही,” सौभाग्यवती म्हणाल्या, “पण ती काठी मात्र उशाशी घेऊन निजतात.” जुन्या इंग्रजी वैद्यकग्रंथांत यास धोबिणीचा मुरगळा म्हणत, अशी पुस्ती डॉक्टरांनी जोडताच सौभाग्यवतींना हसू अनावर झाले. “धुणं? यांनी? डॉक्टर, एवढ्या संसारात यांनी हातरुमालसुद्धा पिळलेला मी पाहिला नाही. दुखणं माझं आणि झालं यांना!”

अंगठ्यासह मनगट जखडणारा पट्टा, बर्फाचा शेक आणि काही आठवडे संपूर्ण विश्रांती, एवढ्याने न भागल्यास सुई, आणि त्यानेही न भागल्यास बोगद्याचे छत कापून वाट रुंद करणे, असा क्रम ठरला. विश्रांतीची मुदत नेमकी मृग नक्षत्रात पडली. ओढ्याओहोळांतून चढणीचे मासे वर सरकू लागलेले, आळीतील पोरेसुद्धा घमेली घेऊन धावणारी, आणि मी ओसरीवर हात गळ्यात बांधून बसलेलो. गावाने मात्र मला एकटे पडू दिले नाही. कोणी निर्गुंडीचा पाला आणून दिला, कोणी तापल्या वाळूची पुरचुंडी सुचविली, कोणी नस उतरवून देणाऱ्याचा पत्ता दिला, आणि एका सद्गृहस्थाने, मुक्या जिवांचा शाप भोवला असे निदान करून, जाताना चिलापी मिळाल्यास कळवा असे सांगितले.

पट्टा सुटल्यावर मी नदीवर गेलो तो केवळ पाहावयास. कातकरी वाडीतील एक वृद्ध तेथे नेहमी बसतो. त्याची काठी कळकाची, तीही हातात नव्हे तर जमिनीत रोविलेल्या बेचक्यावर टेकलेली. माझी हकिकत त्याने शांतपणे ऐकून घेतली.

“भाऊसाहेब, रागावू नका. पर तुमी मासं धरत न्हवता, पान्याला फटकं मारत व्हता.”

मी चक्राची महती सांगू लागलो.

“गळ टाकला की हात सोडायचा. मासा त्याच्या येळंनं येतोय. त्याला काय कचेरीची येळ हाय व्हय?”

मत्स्यवेध हा संयमी पुरुषांचा छंद आहे असे सर्वत्र सांगतात, आणि मीही ते चारचौघांत सांगत आलो. परंतु डॉक्टरांच्या पट्ट्याने बांधून घातल्यावाचून ज्याचा हात स्वस्थ बसत नाही, त्याने ते यापुढे किती मोठ्याने सांगावे हा विचाराचा प्रश्न आहे.

तूर्त तडजोड झाली आहे. बेचके मी करून घेतले. काठीच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली, म्हणजे अंगठ्यास आवळावे लागत नाही. फेक दोन्ही हातांनी, कोपरापासून करावयाची. आणि उजव्याचा भार हलका व्हावा म्हणून डाव्या हातास उमेदवारीवर घेतले. त्याने पहिल्याच दिवशी काठावरचे एक करंजाचे झाड धरले. पण उमेदवार मेहनती निघाला, आणि गेल्या आठवड्यात त्याने स्वकर्तृत्वावर तळहाताएवढी एक चिलापी आणली. ती मी मोठ्या दिमाखाने स्वयंपाकघरात नेऊन, हे केवळ डाव्या हाताचे काम आहे, असे दोनदा सांगितले.

सौभाग्यवतींनी माशाकडे पाहिले, हाताकडे पाहिले, आणि मेथीच्या दोन जुड्या माझ्यापुढे सरकविल्या. “अहो, उजव्याला डॉक्टरांनी मना केलंय. डाव्याला नाही ना?”