डेककाका

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेला निवृत्त माणूस पहिला आठवडा दिवसा झोपतो, दुसरा आठवडा तिकडच्या कचऱ्याच्या डब्यांविषयी बोलतो आणि तिसऱ्या आठवड्यात टेप घेऊन स्वतःच्याच घराभोवती फिरायला लागतो. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या अंगाला ज्या रो-हाउसच्या ओळी उभ्या राहिल्या, त्यांत दर ओळीला असा एक गृहस्थ ठरलेला. आमच्या ओळीतल्याला आम्ही डेककाका म्हणतो. हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं आहे. राग तर नाहीच. उलट परवा सोसायटीच्या रजिस्टरात सही करताना त्यांचा हात क्षणभर अडखळला, असं सेक्रेटरी सांगतात.

उद्योगाचं मूळ न्यू जर्सीत आहे. मुलाच्या घरामागे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच लाकडी फळ्यांचा चौथरा, त्याला डेक म्हणायचं. त्याच्या अर्ध्या भागावर छप्पर आणि तिन्ही बाजूंनी बारीक जाळी, तो स्क्रीन्ड पोर्च. संध्याकाळी दिवेलागणीला काका त्या जाळीत लुंगी नेसून चहा प्यायले आणि त्यांना एकही डास चावला नाही. ज्याने उभी हयात बदलापुरात पायांना ओडोमॉस चोळत काढली, त्याला यापुढे नायगारा म्हणजे काहीच नाही. नायगारा त्यांनी पाहिलाही. मोबाइलमध्ये त्याचे चार फोटो आहेत, आणि पोर्चच्या कोपऱ्यातल्या सांध्याचे एकतीस.

काकू राजापूरकडच्या. "आमच्याकडे पडवीत बसायला व्हिसा लागत नव्हता," एवढंच त्या म्हणाल्या आणि लसूण सोलायला घेतला.

परतताना काकांच्या तेवीस किलोच्या बॅगेत काय असणार, याबद्दल ओळीत काही अपेक्षा होत्या. निदान पिस्ते तरी. बॅग उघडली तर निघाली फायबरग्लासची जाळीची गुंडाळी, दोन डबे स्क्रू, आणि लाकूड पावसात कसं टिकवावं याबद्दलची दुकानात फुकट मिळणारी पत्रकं. शेजारच्या जोशीवहिनींना त्यांनी त्यातलं एक पत्रक दिलं.

मग खोदकाम. तिकडच्या कंत्राटदाराने काकांना मंत्र दिला होता की खांबाचा पाया तीन फूट खाली न्यायचा. थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाया उचलून धरतं. म्हणून जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली जायचं. या मर्यादेला तिकडे फ्रॉस्ट लाइन म्हणतात आणि त्यात चूक काही नाही. आमचे मिस्त्री परभणीचे. दीड फुटावर कडक मुरूम लागल्यावर त्यांनी टिकाव ठेवला आणि तंबाखू मळायला घेतली.

"झालं काका."

"तीन फूट."

"कशापायी?"

काकांनी आतून फ्रिजरमधला बर्फाचा ट्रे आणला आणि पाणी गोठल्यावर कसं फुगतं ते समजावून सांगितलं. मे महिना होता. प्रात्यक्षिक संपायच्या आत बर्फाचं पाणी झालं. मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी बरफ पडला तर."

"पडला तर."

"आन् बरफ पडल्यावर तुमी डेकवर बसनार हाय का?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे," काका म्हणाले. मुरुमाखाली काळा पाषाण लागला. ब्रेकर भाड्याने आला. दोन दिवस आमच्या ओळीत कुणाला दुपारची झोप मिळाली नाही आणि समोरच्या घरातल्या टाइल्सना बारीक तडा गेला तो वेगळा.

खालची रेषा अमेरिकेची, तर वरची अस्सल स्थानिक. २६ जुलै २००५ रोजी नदीचं पाणी कुठवर आलं, त्याची खूण काकांनी फाटकाच्या खांबावर लाल ऑइलपेंटने केलेली आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, त्या वेळची खूण निळ्या रंगात. डेक दोन्ही खुणांच्या वर वीतभर असला पाहिजे, हा काकांचा हुकूम. मिस्त्रींनी पाण्याची नळी लावून लेव्हल काढली तेव्हा लक्षात आलं की घराचं जोतं डेकच्या खाली राहतंय. म्हणजे दिवाणखान्यातून डेकवर जायला दोन पायऱ्या चढायच्या. पूर आला तर घर पाण्यात जाईल, डेक कोरडा राहील. हे मी काकांना म्हणालो, तर ते खुशीत म्हणाले, "एक्झॅक्टली!"

अमेरिकेची जाळी एकाच बाजूला पुरली. उरलेल्या दोन बाजूंसाठी उल्हासनगर गाठणं आलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे नव्या शहराची कोनशिला बसली. नाव उल्हासनगर पडलं, पण पत्ता सांगताना माणसं अजून कॅम्प नंबर सांगतात. घर, सामान, धंदा सगळं मागे टाकून आलेल्या लोकांनी ते शहर उभं केलं. त्यामुळे 'नाही' हा शब्द तिथल्या दुकानात चालत नाही. जगात मिळणारी वस्तू उल्हासनगरात मिळते, आणि जी जगात मिळत नाही ती 'शाम को आके ले जाओ'.

दुकानदाराने काउंटरवर जाळी अंथरली. काकांनी खिशातून भिंग आणि शिंप्याचा टेप काढला. चांगल्या जाळीत एका इंचात आडवी अठरा आणि उभी सोळा भोकं असतात, आणि डास नेमका तिथे अडतो. काका मोजायला लागले. "बारा, तेरा, चौदा..." तेवढ्यात कुणीतरी पडद्याच्या रॉडचा भाव विचारला आणि मोजणी चुकली. पुन्हा एकपासून. काउंटरवर गर्दी जमली. दोन माणसं बाजूने मोजायला लागली. एकाचे सतरा आले, एकाचे एकोणीस. ज्याचे एकोणीस आले, त्याचा चष्मा काकांनी तपासला.

"अंकल," दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "मच्छर गिनके नहीं आता."

काकांनी जाळी घेतली, पण बिलावर '१८ बाय १६' लिहून घेतलं आणि खाली सही मागितली.

लाकडाचं प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण काका ते कधीच थोडक्यात आटोपत नाहीत. तिकडे पाइनच्या लाकडात दाबाखाली तांब्याचं औषध भरतात, म्हणून त्याला वाळवी लागत नाही. इकडे लाकडाच्या वखारीत पाइन मागितलं तर यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या पुढे आल्या, त्यांवर बाण आणि 'ही बाजू वर' असं छापलेलं. सागवानाचा घनफुटाचा भाव ऐकून काका स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. अखेर लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या फळ्या ठरल्या. वाळवी त्या खात नाही. मात्र एप्रिलमध्ये बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्यांच्यावर अनवाणी उभं राहता येत नाही.

परवानगीच्या बाबतीत काकांचा अभ्यास दांडगा. घराच्या बाजूला मोकळं सोडावं लागतं त्याला सरकारी मराठीत 'सामासिक अंतर' म्हणतात, आणि काकांचा डेक त्या अंतरात आरामात पहुडलेला. म्हणून अर्जात त्यांनी डेकचा डही काढला नाही. 'पावसापासून संरक्षणार्थ तात्पुरती शेड' असं लिहिलं, आणि त्याच दिवशी वेल्डरला पंचवीस वर्षांची गॅरंटी मागितली. कोणी हरकत घेतलीच तर त्यांच्याकडे दोन दाखले तयार असतात. पहिला शेजारचाच: उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला राज्य सरकारने २००६ साली खास कायदा केला, "मग बदलापूरकरांनी काय घोडं मारलंय?" दुसरा दाखला अंबरनाथचा. वालधुनीच्या काठच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा शिलालेख आहे. शिलाहारांचा मुम्मुणी राजा, भूमिज शैली, काळ्या दगडातलं अप्रतिम कोरीवकाम, हे सगळं काकांना माहीत आहे. पण त्यांचं लक्ष वेधतात ते सभामंडपाला तीन दिशांनी काढलेले तीन मुखमंडप. "तीन पोर्च आहेत त्या देवळाला! राजाला कुणी विचारलं का सामासिक अंतर?" शिलालेखात 'ना हरकत'चा उल्लेख नाही, हे खरंच आहे.

याच अंबरनाथच्या एमआयडीसीत चौकटींना पावडर कोटिंग करून घेताना काकांनी रंग सांगितला, "न्यू जर्सीचा पांढरा." फोटो दाखवला. तिथल्या पोऱ्याने मान डोलावली आणि नेहमीचा पांढरा मारला. काका तो आजही ओळखीच्यांना न्यू जर्सीचा म्हणून दाखवतात.

डेक झाला. दोन फळ्यांमध्ये पाणी निघून जायला फट ठेवावी लागते. काकांनी ती पाच रुपयांचं नाणं मध्ये धरून ठेवली. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पाच रुपयांची बरीच नाणी, काकूंची कपाटाची किल्ली आणि नातेवाइकांपैकी कुणाची तरी जोडवी खाली गेली. खाली मांजर व्यालं होतं. मांजरामागून काही दिवसांनी तिथे धामण आली.

सर्पमित्र आला, बॅटरी मारून म्हणाला, "दोन फळ्या काढा, हात घालतो." फळ्यांना अमेरिकेचे स्क्रू, चांदणीच्या डोक्याचे. त्याला टी-२५ नंबरचं बिट लागतं. काकांचं बिट कुठे? कुलूप लागलेल्या कपाटात. कपाटाची किल्ली कुठे? धामणीजवळ. सर्पमित्राने अनेक वर्षांत बरंच पाहिलं असावं, पण हे ऐकून तो पायरीवर बसला. वेल्डर म्हणाला, कटर मारतो. काका दोन्ही हात पसरून डेकवर आडवे झाले, "फळीला कटर लागता कामा नये!" अखेर स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे बिट मिळालं. तोवर धामण स्वतःच्या वाटेने निघून गेली होती. फळ्या मात्र उघडल्या, कारण किल्ली हवी होती.

आता कुणी म्हणेल, एवढं झालं, माणूस त्यात सुखाने बसत तरी असेल. नाही. मी पाहिलं आहे. काका जाळीचं दार उघडतात (ते बाहेरच्या बाजूलाच उघडलं पाहिजे, आत उघडलं की हवेबरोबर डास आत येतात, यावर पंधरा मिनिटं), बाकावर टेकतात, ते चौथ्या सीटवर टेकल्यासारखे, अर्धं अंग बाहेर. सीएसएमटीपासून बदलापूर अडुसष्ट किलोमीटर. ज्याने फोर्टातल्या नोकरीसाठी सारी उमेद लोकलमध्ये असा टेकून, नाहीतर दारात उभा राहून घालवली, त्याला समोर अख्खा बाक रिकामा दिसला तरी सरकून बसवत नाही. मिनिटभरात ते उठतात, कुठल्या तरी चौकटीवर बोटाने टकटक करतात, आणि पाना आणायला आत जातात. त्यांना बसण्याची जागा नकोच होती असं माझं मत आहे. त्यांना विचारायला आणि ऐकवायला माणसं हवी होती, आणि मिस्त्री, वेल्डर, दुकानदार यांच्याइतकी बांधील श्रोतेमंडळी निवृत्तीनंतर दुसरीकडे कुठे मिळते?

बसतात त्या काकू. छप्पर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे ऊन आत येतं. तिन्ही बाजूंना जाळी, म्हणजे कावळा येत नाही. अख्ख्या बदलापुरात पापड, कुरडया, सांडगे वाळवायला याहून चांगली जागा नाही, हे त्यांनी एका दुपारी हेरलं. बघता बघता ओळीतल्या सगळ्या बायकांचं वाळवण तिथे आलं. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की काका कॅमेरा छपराकडे धरतात.

पावसाळ्यात कॉलही बंद. पॉलिकार्बोनेटवर आपला पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, तर न्यू जर्सीचं कुठून ऐकू येणार? शिवाय कोकणपट्टीचा पाऊस सरळ पडत नाही, तो तिरका येतो. जाळी त्याला अडवत नाही, फक्त गाळून बारीक करते. जूनच्या पहिल्या झडीनंतर सोफ्याच्या गाद्या पिळून वाळत टाकल्या आणि काकांनी तिन्ही बाजूंना निळी ताडपत्री बांधली. ती गणपती होईपर्यंत असते. म्हणजे वर्षातले चार महिने ताडपत्री, दोन महिने वाळवण, दोन महिने पाय भाजतात. उरलेल्या काळात दुरुस्ती.

ऑक्टोबरात मुलाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "बाबा, पोर्चची जाळी काढली. थंडीत वापरता येत नव्हता, म्हणून काचा लावून घेतल्या."

काकांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप, भिंग आणि जुनं बिल घेऊन ते उल्हासनगरच्या त्याच दुकानात हजर. दुकानदाराने त्यांना लांबूनच ओळखलं, नोकराला चहा सांगितला, आणि काच हा शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बहुत अच्छा किया अंकल! काच में छेद नहीं होता."