पिकअप पाहिजे की ॲव्हरेज?

दुसऱ्याच्या द्राक्षबागेत शिरून कुणी कात्री चालवत नाही, दुसऱ्याच्या विहिरीवरची मोटर कुणी परस्पर चालू करत नाही. पण सायखेड्यात मोटारसायकल चालू ठेवून तुम्ही टपरीवर सुपारी घ्यायला उतरलात, तर परत येईपर्यंत कुणीतरी खाली वाकून कार्बोरेटरचा स्क्रू पिळलेला असतो. “स्लो फार जास्त होता भाऊ, कमी करून दिला.” आपण आभार मानून निघतो. चांदोरीच्या पुलावर गाडी बंद पडते. तिथे दुसरा एक परोपकारी थांबतो आणि म्हणतो, “स्लो एवढा कमी कुणी ठेवला? थांबा, वाढवून देतो.” गोदावरीच्या अलीकडचा स्लो आणि पलीकडचा स्लो यांचा मेळ आजवर बसलेला नाही.

गोदाकाठच्या माणसाला गाडीकडून दोनच गोष्टी हव्या असतात, पिकअप आणि ॲव्हरेज. दोन्ही एकदम हव्या असतात, तिथे घोडं अडतं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. हवा बारा-तेरा किलोवर आणली की गाडी उसळते, सोळाच्या पुढे नेली की पेट्रोल वाचतं, आणि त्याहून ताणली की इंजिन तापून पिस्टन धरतो. मग गाडी टेम्पोत घालून आणावी लागते. तेव्हा पेट्रोल मात्र अजिबात लागत नाही.

हे मला नव्याने कळलं ते भाच्यामुळे. लासलगावला उन्हाळ कांद्याला बरा भाव लागला आणि भाच्याने यामाहा आरएक्स हंड्रेड घेतली. ही गाडी भारतात १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे भाच्याच्या जन्माच्या आधी. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद अकरा घोड्यांची. त्यातले किती घोडे अजून उभे आहेत, हे पाहायला आम्ही नानांच्या गॅरेजवर गेलो.

नाना हे आमच्याकडचे जुने फिटर. गॅरेजच्या भिंतीवर छातीच्या उंचीला एक मातकट रेघ आहे. ती २०१९ च्या ऑगस्टमधली, गोदावरी गावात शिरली तेव्हाची. पूर ओसरल्यावर गावातल्या बुडालेल्या गाड्या नानांच्या दारात रांगेने उभ्या होत्या आणि एकेक सायलेन्सर उलटा करून ते पाणी काढत होते. एकातून मासा निघाला, असं ते सांगतात. दर सांगण्याला तो वाढतो. सध्या तो मरळ आहे आणि रस्सा चार माणसांना पुरला होता.

“काय पाहिजे? पिकअप की ॲव्हरेज?” नानांनी विचारलं.

“दोन्ही,” भाचा म्हणाला.

“मग दोन गाड्या घे.”

तरी त्यांनी कार्बोरेटर उतरवला. मुठीत मावेल एवढी वस्तू. खालची वाटी सोडली तर तळाला पिवळसर, चिकट गाळ. मधोमध पितळी जेट, त्याचं भोक इतकं बारीक की नानांना ते उन्हाकडे धरून एक डोळा मिटावा लागतो. मग ते जेट ओठांत धरून फुंकतात आणि बाजूला थुंकतात. चवीवरून पेट्रोल कुठल्या पंपाचं ते सांगता येतं, असा त्यांचा दावा आहे. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हे ते प्रत्येकाला बजावतात. बहुधा तार घालता घालताच बजावतात.

वरच्या स्लाइडमध्ये एक सुई असते. तिच्या डोक्याला पाच खाचा, त्यातल्या एकीत नखाएवढी क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि अधल्यामधल्या रेसला पेट्रोल जास्त मिळतं. सरकवताना ती टुणकन उडते. मग गिऱ्हाईक, पोरं आणि चहावाला असे सगळे गुडघ्यांवर येऊन जमीन चाचपतात. गावातल्या कुठल्याही प्रश्नावर एवढी एकजूट मी पाहिलेली नाही.

मग हवेचा स्क्रू. तो अलगद तळाला टेकवायचा आणि दीड फेरा मागे घ्यायचा. नानांनी दीड घेतला. मागून आवाज आला, “सव्वा ठेवा.” दुसरा म्हणाला, “थंडीत पावणेदोन लागतो.” थंडीचं खरं तर उलट आहे. गार हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. आणि आमच्या तालुक्याची थंडी साधीसुधी नव्हे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो. पण असलं बोलून दाखवलं की ‘मास्तर, तुम्ही पेपर वाचा’ असं ऐकावं लागतं. मी पेपर वाचला.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. शिवाय ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी वायसरांना मानवत नाही. “आपणच ऊस लावायचा, आपणच कारखान्याला घालायचा आणि आपल्याच कारबेटरात भरायचा,” नाना म्हणाले. त्यांनी मोठा जेट बसवला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोलचं माप कॉम्प्युटर काढतो. त्या गाड्यांपाशी आमची मंडळी वाकतात, स्क्रू शोधतात आणि उपाशी परततात.

पण भाच्याचा जीव सायलेन्सरात होता. त्याला आतली, आवाज दाबणारी पुंगळी काढायची होती.

सायलेन्सर म्हणजे आवाज दाबायचा डबा, असा समज आहे. टू-स्ट्रोकमध्ये तो इंजिनाइतकाच राबतो. जळका धूर बाहेर पडताना थोडं ताजं मिश्रणही त्याच्याबरोबर सटकतं. सायलेन्सरचा पोटाकडे फुगून पुढे निमुळता होणारा आकार धुराच्या धक्क्याची लाट माघारी पाठवतो आणि सटकलेला माल पुन्हा सिलिंडरात कोंबतो. हे गणित पक्कं केलं पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वॉल्टर काडेन या इंजिनिअरने. महायुद्धात त्याने क्षेपणास्त्रांवर काम केलं होतं. १९६१ साली त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून परस्पर पश्चिमेत पळाला आणि ती विद्या घेऊन जपानला सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकी आणि डेगनरचं. एका नळकांड्याच्या आकारापायी माणसाने देश सोडला, हे मी रंगवून सांगितलं.

नानांनी ऐकून घेतलं. “एवढं करून जपान्यांनी पुंगळी ठेवलीच ना?”

भाचा म्हणाला, “मामा, तुम्हाला नाही कळायचं,” आणि पुंगळी निघाली.

पिकअप वाढलं का? भाचा म्हणतो वाढलं. मी पाठीमागे बसून पाहिलं. पुढे उसाची ट्रॉली, तिच्यापुढे कांद्याची पिकअप, तिच्यापुढे म्हशी. म्हशींच्या वेगाने आरएक्स उत्तम चालते. आवाज मात्र निःसंशय वाढला. ओझरहून सुखोई डोक्यावरून जातं तेव्हा आमच्याकडे कुणी मान वर करत नाही. आरएक्सला आख्खा पार वळून पाहतो. या मापाच्या गाडीला कायद्याने ७७ डेसिबलची मर्यादा आहे आणि शहरांतून पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलर फिरवतात. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला तर रामसरचा दर्जा आहे. हजारो मैल उडून आलेले पाहुणे भाच्याच्या फेरीने उठून बसत असणार.

मला वाटलं, दाजी पोराला फोडून काढतील. शांतताप्रिय माणूस, घरात मिक्सर लावला तरी ओट्यावर जाऊन बसतो. मी समजूत घालायला गेलो, तर ते सुपारी कातरत होते आणि नदीपल्याड फटफट चालली होती.

“ऐका,” दाजी म्हणाले. “सांगून गेला औषध फवारायला जातो. आता चांदोरीच्या चौकात आहे. पाच मिनिटं थांबेल, मग पुलावर येईल.” आवाज थांबला, सुरू झाला, पुलावर आला. “काल अकरा वाजता त्र्यंबकला निघालो म्हणाला, आवाज कॉलेजच्या बाजूने येत होता. राहू द्या पुंगळी बाहेर. पेट्रोलचे पैसे मी देतो.”

ही बातमी बहिणीने भाच्याला सांगितली असावी. दुसऱ्या दिवशी तो गाडी बंद करून, ढकलत नानांच्या दारात आला.

“नाना, पुंगळी परत बसवा.”

“ती भंगारवाला घेऊन गेला,” नाना म्हणाले. “नवी मागवावी लागेल. काढायचे पैसे तुझ्या बापाने दिले, बसवायचे रोख.”