बेमिजीचा बंब

मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात टॉवर नावाचे एक गाव असून तेथे २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा शून्याखाली ६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सेल्सियसच्या हिशेबाने उणे ५१ पर्यंत उतरला होता, ही माहिती आमच्या पुतण्याने मिनिआपोलिसच्या विमानतळावर आमची ट्रंक उचलता उचलता ज्या अभिमानाने दिली, तो अभिमान पुण्यात केवळ पेशवाईविषयी बोलतानाच आढळतो. उणे ४० या आकड्यावर फॅरनहाइट आणि सेल्सियस ही दोन्ही मापे एकमेकांस भेटतात, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. परंतु त्या भेटीस साक्षीदार म्हणून हजर राहण्याचा संभव असलेल्या प्रदेशात ऐन फेब्रुवारीत जाण्याचे आम्हांस काहीएक प्रयोजन नव्हते. प्रयोजन पुतण्याचे होते. त्याला एक जुना बंब विकत घ्यायचा होता, आणि मामलेदार कचेरीत हयात घालवलेला काका सोबत असल्यास सौद्यात दगाफटका होणार नाही, अशी त्याची भाबडी समजूत होती.

या यंत्रास तिकडे आउटडोअर वुड फर्नेस म्हणतात. मात्र त्याचे अंतरंग पाहिल्यावर आमच्या वाड्यातील न्हाणीघरातला तांब्याचा बंबच कोणी राक्षसाने आपल्या मापाने घडवून घेतला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. मध्ये अग्नी, भोवती पाणी, वर धुराडे, हीच ती सनातन योजना. फरक इतकाच की, हा बंब घरात न राहता पत्र्याच्या खोपट्यात, घरापासून शे-दोनशे फुटांवर, एकटाच धूर ओकीत उभा असतो, त्याच्या पोटात साताठशे लिटर पाणी मावते, आणि ते तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून घरात जाऊन, घर ऊबदार करून, निवून पुन्हा बंबाकडे परत येते.

पुतण्याचे घर प्रोपेन वायूवर तापते. २०१४ च्या जानेवारीत त्या प्रांतात प्रोपेनचा असा तुटवडा पडला होता की, दर कडाडून सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. तेव्हा पुतणा तिकडे नव्हता, तरी शेजाऱ्यांच्या मुखातून ऐकलेली ती कथा त्याच्या मनात दुष्काळाच्या आठवणीसारखी रुजलेली आहे. तो महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे मोटारीत आम्हांस हिशेब ऐकणे प्राप्त झाले. लाकडाची मोजणी तिकडे कॉर्डमध्ये होते. चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असा १२८ घनफुटांचा ढीग म्हणजे एक कॉर्ड. ओकच्या वाळलेल्या एका कॉर्डातली निम्मी उष्णता धुराड्यातून गेली असे धरले, तरी उरलेली सुमारे दीडशे गॅलन प्रोपेनच्या बरोबरीची भरते.

"आणि लाकूड फुकट आहे, काका! जंगलच जंगल."

फुकटचे लाकूड तोडावे लागते, चिरावे लागते, फोडावे लागते, रचावे लागते, ओक असल्यास वर्ष-दोन वर्षे वाळवावे लागते आणि शेवटी मध्यरात्री उणे तीस अंशांत जाऊन भट्टीत घालावे लागते, या बाबी खर्चाच्या रकान्यात कोठेच नव्हत्या. शिवाय ॲश वृक्ष पोखरणारा एक हिरवा कीटक २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आढळला, २००९ मध्ये तो सेंट पॉलपर्यंत पोचला, आणि तेव्हापासून कीड लागलेल्या जिल्ह्यातून सरपण बाहेर नेण्यास परवान्यावाचून मज्जाव आहे. सरपणालाही जेथे जिल्हाबंदी असते, त्या देशाच्या महसुली शिस्तीविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला.

बंब ज्या गावी होता, ते बेमिजी मिनिआपोलिसहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे, आणि वाटेत सांगण्याजोगे काही असेल तर ते बर्फाखाली होते. बेमिजीच्या सरोवराकाठी मात्र पॉल बन्यन या दंतकथेतील लाकूडतोड्याचा अठरा फुटी पुतळा, आपल्या निळ्या बैलासह, १९३७ पासून उभा आहे. पुतण्याने त्यास मोटारीतून जवळजवळ नमस्कारच केला. हा गृहस्थ एकेका घावात अरण्ये साफ करी म्हणतात. पुतण्याच्या दंडाकडे पाहून आम्ही गप्प बसलो.

विक्रेता नॉर्वेजियन वंशाचा, सत्तरी ओलांडलेला शेतकरी होता. तो आम्हांस पाहून "उफ् दा, काय थंडी!" एवढेच बोलला आणि बंबाकडे चालू लागला. बंब कसा काय, असे विचारता "नॉट टू बॅड" असे उत्तर मिळाले. त्या प्रांतात ही स्तुतीची परमावधी समजली जाते, असे पुतण्याने आमच्या कानात सांगितले. किंमत अडीच हजार डॉलर. इसार म्हणून पाचशे डॉलरच्या नोटा पुतण्याच्या खिशात अधीर झाल्या होत्या, त्या आम्ही जागीच स्थानबद्ध केल्या आणि पंचनाम्यास प्रारंभ केला.

भट्टीचे दार उघडताच डांबरासारख्या चकचकीत काळ्या क्रिओसोटचे थर दिसले. ओले लाकूड दडपून वर्षानुवर्षे धुमसत ठेवल्याची ती निर्विवाद नोंद होती. दाराच्या फटी बुजवणारी दोरी जळून विरली होती. मागच्या कोपऱ्यात, खालच्या बाजूस, पत्र्यावर वेल्डिंगचे ठिगळ होते, आणि त्याच्याच खाली राख ओली होती. कोरड्या राखेच्या मधोमध असा दलदलीचा सुभा कसा, असे आम्ही विचारता म्हाताऱ्याने शांतपणे सांगितले की, ओल्या लाकडाची वाफ गार पत्र्यावर थिजते. हे खोटे नव्हे, तसे घडते. परंतु भिंत गंजून आतले पाणी झिरपू लागले, तरी राख अशीच ओली होते, आणि राखेला वाचा नसल्यामुळे हा मुद्दा तूर्त तहकूब ठेवावा लागला.

मग दृष्टीस पडली मांजर. बंबापासून घरापर्यंत गुडघाभर बर्फातून हातभर रुंदीचा एक हिरवा पट्टा सरळ रेषेत गेला होता, त्यावर चक्क गवत होते, आणि मधोमध एक पिवळी मांजर श्रीमंती थाटात निजली होती.

"ही वाट कधी उपसावी लागत नाही," म्हातारा कौतुकाने म्हणाला.

नळ्यांना पुरेसे वेष्टन नसल्यामुळे, किंवा वेष्टनात पाणी शिरल्यामुळे, त्या गृहस्थाने घराइतकीच जमीनही तापवली होती, आणि त्या लाकडाचा खरा लाभधारक ती मांजर होती. अर्थात नळ्या सौद्यात नव्हत्या. पुतण्याला नव्या घ्याव्या लागणार, चांगल्या वेष्टनाच्या नळीस फुटाला पंधरा-वीस डॉलर पडणार, आणि त्याचे अंगण एकशेवीस फुटांचे. हिशेबाच्या वहीत पुतण्याने प्रथमच खोडाखोड केली.

कायद्याची बाजू आम्ही मोटारीतच तपासून घेतली होती. धुराचा उपद्रव ओळखून व्हरमाँट राज्याने १९९७ मध्येच अशा बंबांवर निर्बंध घातले. केंद्राच्या पर्यावरण खात्याने २०१५ मध्ये नव्या बंबांसाठी नियम केले आणि मे २०२० पासून ते अधिक कडक केले. जुना बंब विकण्याविषयी मात्र प्रत्येक राज्याचा, किंबहुना प्रत्येक गावाचा, कायदा निराळा. तेव्हा गावच्या कचेरीत व विमा कंपनीकडे आधी विचारून घ्यावे, असा आमचा अभिप्राय पडला. पुतण्याने तो ऐकला नाही असे दाखवले.

निकाल लागला तो स्वयंपाकघरात. म्हातारीने कॉफी आणि दालचिनीची बिस्किटे पुढे ठेवली, हवापाणी झाले, आणि मग ती माउली निर्मळ मनाने आमच्यासोबत आलेल्या सूनबाईस, म्हणजे पुतण्याच्या पत्नीस, म्हणाली, "बरं झालं बाई, जातोय तो. आता दर रविवारी चर्चला जायच्या आधी ह्यांना त्यात दोन-दोन बादल्या पाणी ओतायला नको."

म्हातारा खिडकीबाहेर पाहू लागला. बंबाचे पाणी फिरून फिरून तेच असते. त्याची वाफ होऊन थोडेफार घटते, परंतु दर आठवड्यास दोन बादल्यांची तूट दाखवणारा जमाखर्च कोणताही तपासनीस मंजूर करणार नाही. ओल्या राखेची जबानी येथे पूर्ण झाली.

तरीही पुतणा डगमगला नाही. ठिगळ मारता येईल, निम्म्या किमतीत मिळेल, अशी त्याची कैफियत परतीच्या वाटेवर चालू असता सूनबाईने मागच्या आसनावरून एकच प्रश्न विचारला: "डिसेंबरात महिनाभर आईंकडे पुण्याला गेलो, की ह्याला दिवसातून दोनदा जेवू कोण घालणार? आणि उपाशी राहिला, तर आतलं पाणी गोठून फुटणार नाही का?"

"काका आहेत ना," पुतणा म्हणाला.

आम्ही तत्काळ सूनबाईच्या बाजूने फैसला दिला आणि पुतण्याच्या खिशातला इसार तिच्या स्वाधीन केला. त्या पैशांत छतावरच्या पोकळीत वेष्टन भरण्याचा प्रारंभ झाला आहे. वाचकांपैकी कोणी त्या बाजूस जुना बंब पाहण्यास निघालेच, तर उन्हाळ्यात जाऊ नये; कडाक्याच्या थंडीत, बंब पेटता असतानाच जावे, आणि मालकिणीने कॉफी देऊ केल्यास कदापि नाही म्हणू नये.